तळाशी काय वाढतंय?

२००५च्या उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या रुग्णालयांत एकाच तक्रारीची माणसं येऊ लागली. ताप, कोरडा खोकला, गळणारं नाक, चुरचुरणारे डोळे. काहींना चांगलीच धाप लागलेली. ऐन उन्हाळ्यात फ्लूची साथ कुठून आली म्हणावं, तर घरात बसलेल्यांना काहीच झालेलं नव्हतं. आजारी पडलेले सगळे समुद्रकिनाऱ्यावरून आलेले. त्यातही गंमत अशी, की पाण्यात पाऊलही न टाकता नुसते वारा खात बसलेलेही त्यांत होते. सुमारे दोनशे जणांनी उपचार घेतले, वीसेक जणांना दाखल करावं लागलं. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत बरे झाले.

दोषी सापडला तो किनाऱ्यालगतच्या कातळावर. ऑस्ट्रिओप्सिस ओव्हाटा असं त्याचं नाव. एका पेशीचं हे शैवाल केसाच्या जाडीइतकंही भरत नाही. लाटांवर तरंगत फिरणाऱ्या शैवालांसारखा याचा स्वभाव नाही. अंगातून चिकट स्राव सोडून ते दगडाला, शिंपल्यांना, मोठ्या समुद्रशेवाळाला धरून बसतं. पाणी उबदार आणि स्थिर असलं की वाढत जातं आणि तळावर गंजाच्या रंगाचा बुळबुळीत थर चढतो. मग कधीतरी वारा सुटतो, लाटा त्या थराचे तुकडे उडवतात, आणि फेसाच्या बुडबुड्यांबरोबर त्यांचे सूक्ष्म कण हवेत येतात. फिरायला आलेली माणसं तीच हवा छातीभर घेतात.

या शैवालाची विषं पॅलिटॉक्सिनच्या कुळातली. हवाई बेटांवर मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रवाळांच्या एका नातेवाईकातून पॅलिटॉक्सिन वेगळं काढलं. एका रेणूत १२९ कार्बन अणू असलेलं हे प्रचंड प्रकरण निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप अखंड चालू असतात. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला जाऊन चिकटतं. उपसा पंपाची झडपच काढून टाकावी आणि पाणी उलटं आत घुसावं, तसं मग पेशीचं होतं. हवेतल्या तुषारांतही या कुळातली विषं शास्त्रज्ञांना सापडली आहेत; माणूस आजारी पडतो तो निव्वळ त्यांच्यामुळेच का, यावर मात्र अजून वाद चालू आहे.

समुद्रातल्या जिवांना असा वाद परवडत नाही. काट्यांच्या गोळ्यांसारखे दिसणारे समुद्री अर्चिन काटे गाळून मरतात. शिनाणे आणि कातळाला चिकटलेल्या गोगलगायी यांचेही बळी जातात. तळावरच्या जिवाला वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत घरात थांबता येत नाही.

हे सगळं एकट्या जिनोव्हाचं नाही. बार्सिलोनाच्या उत्तरेला यावानेरेस म्हणून किनारा आहे. तिथे समुद्राकाठी काम करणाऱ्या आणि राहणाऱ्या लोकांना संशोधकांनी उन्हाळाभर प्रकृतीबद्दल विचारलं. त्यातून निघालेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्यात पेशी सर्वाधिक असतात तेव्हाच लोक सर्वाधिक आजारी पडतात, असं दिसलं नाही. त्रास उसळला तो शैवालाची जोमाची वाढ थांबून ती स्थिरावू लागली त्या टप्प्यावर. म्हणजे बाटलीत पाणी भरून पेशी मोजणं पुरेसं नाही. किनाऱ्यावरच्या चहावाल्यालाही विचारावं लागतं, बाबा रे, घसा खवखवतो का? तरीही इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २००७ मध्ये लिटरमागे १०,००० पेशींची मर्यादा सूचनांत घातली, ते योग्यच झालं. २०२१ मध्ये फ्रान्सच्या बास्क किनाऱ्यावर बियारित्झच्या परिसरातही ऑस्ट्रिओप्सिसच्याच कुळातलं शैवाल उसळलं, शेकडो लोकांना त्रास झाला आणि काही किनारे बंद ठेवावे लागले. भूमध्य समुद्राचा रोग म्हणून ज्याची बोळवण झाली होती, तो आता अटलांटिकलाही लागला.

तळाच्या दुसऱ्या एका रहिवाशाची कहाणी पॅसिफिकमधली आहे, आणि तिच्यात माणसाचा हात ठळक दिसतो. गॅम्बियरडिस्कस हे सूक्ष्म शैवाल मेलेल्या प्रवाळावर उगवणाऱ्या शेवाळात राहतं. ते शेवाळ छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे खातात, आणि सिग्वाटॉक्सिन साठत साठत ताटात येतं. शिजवून ते जात नाही. चव नाही, वास नाही. खाणाऱ्याला आधी उलट्या-जुलाब, मग हातापायांना मुंग्या, आणि गार पाण्याचा स्पर्श चटका बसल्यासारखा. कुणाकुणाला हे महिनोन्महिने पुरतं. खात्रीचा उतारा अजून नाही. विषारी माशावर माशी बसत नाही, चांदीचं नाणं काळं पडतं, अशा बेटांवरच्या परीक्षा सगळ्या फोल आहेत.

हे शैवाल सापडलं ते १९७०च्या दशकात, फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बियर बेटांवर. फ्रान्सच्या अणुचाचण्यांचा तो प्रदेश. लष्करी तळ उभारायला, बोटींना वाट करून द्यायला प्रवाळ फोडलं गेलं, आणि त्या काळात तिथे या विषबाधेच्या साथी आल्या. टिलमन रफ या अभ्यासकाने १९८९ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात लष्करी उद्योग आणि विषबाधा यांचा संबंध मांडला. प्रवाळ मेलं, शेवाळाला रिकामी जागा मिळाली, शेवाळावर हे सूक्ष्म बिऱ्हाड आलं. समुद्राचा तळ रिकामा राहत नाही. तिथे काय राहायला येतं, एवढाच प्रश्न असतो.

सिग्वाटेरा, म्हणजे ही विषबाधा, आपल्यापासून लांब आहे, असं समजायचं कारण नाही. २०१५-१६च्या सुमारास तिरुवनंतपुरम आणि मंगळुरूमध्ये तांबोशीच्या जातकुळीतला बोहर मासा खाऊन लोक आजारी पडले, आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने उंदरांवरच्या चाचणीतून हे विष असल्याची खात्री केली. डोकं, यकृत आणि गाबोळी यांत ते जास्त साठतं. आपल्याकडे तांबोशीच्या डोक्याचं कालवण म्हणजे घरातल्या मानकऱ्याची वाटणी! म्हणून तांबोशी सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. मीही सोडणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण समुद्रात दगड-काँक्रीट टाकतो आहोत, धूपप्रतिबंधक बंधारे बांधतो आहोत, टेट्रापॉड रचतो आहोत. यातल्या प्रत्येकाच्या आडोशाला उथळ, संथ पाण्याचा नवा तळ तयार होतो. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवली, कारण वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. चांगलं झालं. पण दगडावरच्या तपकिरी थराला कुठल्या कायद्याचं संरक्षण, आणि तो बघायला कुणाला फुरसत? किनाऱ्याच्या पाण्यात मैल्याचे जंतू किती आणि प्राणवायू किती हे मोजलं जातं. शेवाळ चार फूट खाली बसलेलं असतं. आपला पावसाळी, गढूळ, खळाळता समुद्र भूमध्यासारखा नाही, हे खरंच. पण ऑक्टोबर ते मे तोच समुद्र किती निवळतो आणि तापतो, ते मालवणच्या कुठल्याही पाणबुड्याला विचारा.

यंत्रणा उभी राहील तेव्हा राहील. तोवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना एक विनंती आहे. उलट्या-जुलाबांबरोबर मुंग्या येत असतील, गार वस्तू चटका देत असेल, तर अन्नविषबाधा एवढंच लिहून थांबू नका. मासा कोणता होता, कुठून आला, आणखी कुणी खाल्ला, हे केसपेपरवर नोंदवा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवा. आणि घरच्या मंडळींनो, उरलेला तुकडा फेकू नका. पिशवीत बांधून, वर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तपासणीला पाठवायला तोच लागतो.