कापून टाकलेला समास

जुने चित्र म्हणजे जुना साक्षीदार, ही समजूत आपल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही फार पक्की आहे. ती किती फसवी, हे पाहण्यासाठी पुणे दरबाराचे एक प्रसिद्ध चित्र घ्या. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट सवाई माधवराव पेशव्यांसमोर टिपूविरुद्धचा तह पुरा करीत आहे. दाटीने बसलेले सरदार, त्यांत कोवळ्या वयाचे पेशवे. पाहणाऱ्यास वाटावे, चितारी तेथेच एखाद्या खांबाशी उभा असेल.

तो तेथे नव्हता. तह 1790 चा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला 1792 मध्ये. त्याने पेशव्यांची, नाना फडणीसांची चित्रे काढली आणि 1795 मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने इंग्लंडात 1805 मध्ये मोठे तैलचित्र पुरे केले. चार्ल्स टर्नरने 1807 मध्ये ते ताम्रपटावर कोरले आणि त्याच्या प्रती निघाल्या. तोवर पेशवे आणि नाना दोघेही गेले होते, आणि 1802 च्या वसईच्या तहानंतर पेशवाई इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पीत होती. चित्र काढवून घेतले कोणी? खुद्द मॅलेटने, वेल्सची कन्या त्याची पत्नी होती. दरबार पुण्याचा खरा, पण यजमान मॅलेट!

तरीही या छापील चित्रांना मी खोटे म्हणणार नाही. इंग्लंडात 1735 च्या कायद्याने अशा चित्रावर प्रकाशनाची तारीख कोरणे आवश्यक केले होते. डावीकडे चित्रकाराचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे, अशी रीत होती. चित्र आपली हकीकत समासात स्वतःच सांगत असे. लबाडी होते ती नंतर, चौकटीत बसावे म्हणून समास कापणाऱ्याच्या कात्रीने आणि नावगाव गाळून पुस्तकात चित्र छापणाऱ्याच्या हाताने.

आता आपल्या चांद्याकडे या. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यास फाशी झाली. रानातल्या या लढ्याला पदरच्या पैशाने चितारी बसवणारा कोणी मॅलेट लाभला नाही. 2009 मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. जयंतीच्या फलकांवर त्यांची मुद्रा झळकते. तिच्याखाली समास कोठे आहे? ही मुद्रा कोणी काढली, कधी, कोणाच्या सांगण्यावरून? असे विचारले की काही मंडळींना तो वीराचा अवमान वाटतो. मला तर न विचारण्यातच अवमान दिसतो. ज्या गोंड घरांनी ही आठवण तोंडी जपली, त्यांचे नावही मग त्या फलकावर येत नाही. आयते चित्र तेवढे मिरवते.

म्हणून धर्मग्रामातील पालकांनी शाळेकडे आग्रह धरावा. बाबुरावांच्या चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि साल येऊ द्या, आणि शेजारी गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत मुलांच्या हस्ताक्षरात लागू द्या. पुणे दरबाराचे चित्र टांगायचेच असेल, तर त्याखालीही तिन्ही साले मराठीत लिहा: 1790, 1805, 1807.