पाटीतली भाजी विकणारीच्या ताटात कधी?

भोर आणि वेल्ह्याचा आठवडी बाजार पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. पक्क्या दुकानांच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, पोत्यावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर बायका ओळीने बसलेल्या असतात. समोर टाकळ्याच्या, कुर्डूच्या, भारंगीच्या जुड्या. पळसाच्या किंवा सागाच्या पानावर करटोल्यांचे वाटे. एखाद्या पाटीत शेवळे, एखादीत खेकडे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ अशा डोंगरपट्ट्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून या बायका पहाटे निघतात. एसटीला महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून येणे थोडे परवडू लागले आहे. दुपारपर्यंत पाटी रिकामी होते. तोरणा-राजगड पाहून परतणारे पुणेकर गाडी थांबवून ‘गावरान’ म्हणून हौसेने भाजी घेतात.

परतीच्या एसटीत मात्र त्याच बाईच्या पिशवीत काय असते? तेलाची पिशवी, साखर, चहापूड, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणि पाच-पाच रुपयांची तळलेल्या कुरकुरीत पदार्थांची पाकिटे. दिवसभरात तिच्या पोटात गेलेला असतो एक वडापाव आणि दोन-तीन कप चहा. सकाळी पाटीत होते ते अन्न कॅल्शियम, लोह, फोलेट आणि तंतूंनी भरलेले. संध्याकाळी घरी पोहोचते ते मुख्यतः पीठ, साखर, तेल आणि मीठ. आठवडी बाजाराकडे आरोग्याच्या नजरेने पाहायचे, तर आधी ही अदलाबदल पाहायला हवी.

तिची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते, आणि पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशी स्त्री ‘रक्त कमी आहे’ म्हणून येत नाही. ‘चढ चढताना धाप लागते’, ‘हातपाय गळतात’, ‘डोके दुखते’ अशा तक्रारी घेऊन ती येते, आणि पुष्कळदा बाजाराच्या दिवशीच येते. कारण त्या दिवशी एसटीचे भाडे एकदाच पडते.

बाजारात काय मिळते?

या भागात पश्चिमेला धो-धो पाऊस, तर पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे बाजारातला माल ऋतूबरोबर आणि खोऱ्याबरोबर बदलतो. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शेवळे येतात. मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि करटोली. दिवाळीच्या सुमारास नवे तांदूळ येतात. आंबेमोहोर आता कमी, इंद्रायणी जास्त. त्यांच्यासोबत नाचणी, वरई, हुलगे, कारळे, पावटा, घेवडा. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, फणस. भोर वरंधा घाटाने कोकणाशी जोडलेले असल्याने सुकट, जवळा, बोंबील यांचीही इथे जुनी गिऱ्हाइकी आहे.

यातील प्रत्येक गोष्टीला आहारशास्त्रात आपले स्थान आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीतून गरजेचा तिसरा हिस्सा येतो. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. जवळ्यासारखी बारीक सुकी मासळी अख्खी खाल्ली जात असल्याने प्रथिनांबरोबर भरपूर कॅल्शियमही देते. करवंद आणि जांभूळ ही आयात केलेल्या महागड्या ‘बेरीं’ची गावची भावंडेच.

मात्र या भाज्यांबद्दल मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपासून सावध राहायला हवे. करटोल्याने मधुमेह बरा होत नाही आणि टाकळ्याने जुनाट त्वचारोग जात नाही. हे उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले असेल, तर तिला पालेभाजीचा सल्ला देऊन घरी पाठवणे धोक्याचे आहे. तिला तातडीने रुग्णालयातच उपचार हवेत. प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम मानली आहे आणि वनस्पतीजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. म्हणून सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि पाटीतली भाजी यांत निवड करायची नसते. दोन्ही लागतात.

शोषण वाढवण्याचे उपाय साधे आहेत. पालेभाजीबरोबर लिंबू, आवळा किंवा चिंच असावी. नाचणीला आणि हुलग्याला मोड आणले, की लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. त्यातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी फरक पडतो.

विचारून घ्यावे, विचारून शिजवावे

रानभाजी घेताना ती कशी करायची, हे विकणारीलाच विचारावे. ‘मावशी, भारंगी कशी करू?’ म्हटले की उत्तर मिळते, ‘आधी उकडून पानी पिळून टाक, मंग कांद्यावर परत.’ या एका वाक्यात पिढ्यांचे ज्ञान असते. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणूनच शेवळे नीट साफ करून, काकड किंवा चिंचेसारख्या आंबटासोबत शिजवतात. कडू करांदा राख घालून उकळून, पाणी बदलून मगच खातात. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ऑक्झलेट जास्त असलेल्या पालेभाज्या बेतानेच खाव्यात. रक्तदाबाच्या रुग्णांनी सुकी मासळी भिजवून, धुऊन आणि थोडीच घ्यावी, कारण तिच्यात मीठ फार असते.

ज्ञान नसताना स्वतः रानात जाऊन भाजी खुडण्याची हौस मात्र करू नये. पावसाळ्यात डोंगरात फुलणाऱ्या कळलावीचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो आणि जीवघेणा ठरू शकतो. रानातली अळंबी ओळखीच्या, अनुभवी माणसाकडूनच घ्यावीत. शंका आली तर सोडून द्यावीत. भगरीचे पीठ तयार घेण्याऐवजी वरई अख्खी घेऊन, निवडून, घरी लागेल तेवढीच दळावी. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. दमट साठवणीत वाढणारी बुरशी हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे. शेंगदाण्यांचेही तसेच, काळपट, खवट दाणे स्वस्त मिळाले तरी नकोत.

विकते ती का खात नाही?

आता मूळ प्रश्न. जिच्या पाटीत हे सगळे आहे, तिच्याच रक्तात लोह का कमी? ‘त्यांना आहाराचे ज्ञान नाही’ हे सोपे उत्तर चुकीचे आहे. भारंगी उकडायची कशी, हे तिलाच ठाऊक आहे. अडचण रोख पैशांची आहे. वहीपेन, तेलमीठ, औषध, मोबाइलचे रिचार्ज यांसाठी लागणारी रोकड भात निघेपर्यंत घरात नसते. रानातून फुकट मिळणारी भाजी हीच तेव्हाची नगद. त्यामुळे चांगली जुडी बाजाराला जाते आणि उरलेसुरले घरी राहते.

दुसरे कारण शेतीचे. नाचणी आणि वरई उतारावर, कष्टाने होणारी पिके. भाजावळ, रोपे, लावणी, कापणी, झोडणी, सगळे हाताने. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागल्यावर उपासमार टळली, ही मोठीच गोष्ट झाली. पण नाचणीचा वाफा कमी झाला. रेशनच्या तांदळात लोह मिसळण्याची सुरुवात झाली, हेही चांगले झाले. तरी त्याने ताटातली विविधता परत येत नाही. तिसरे कारण प्रतिष्ठेचे. पांढरा भात आणि पाकिटातला खाऊ म्हणजे सुधारणा, काळी भाकरी म्हणजे गरिबी, हे मुलांच्या मनात पक्के बसले आहे. पुण्यात नाचणीची बिस्किटे महाग विकली जात असताना वाडीवरचे पोर मैद्याचे बिस्किट चहात बुडवून खाते.

आणि चौथे कारण अन्नाबाहेरचे. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहून काम करणाऱ्यांना आकडीकृमींचा धोका असतो. उघड्यावरच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून हा कृमी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. अशा बाईने कितीही पालेभाजी खाल्ली तरी ती गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखेच. जंतनाशकाची गोळी, पायात बूट आणि वापरातला संडास हेही रक्तक्षयावरचे उपचारच आहेत.

बाजाराचा दिवस, आरोग्याचा दिवस

कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो. स्तुत्य आहे, पण महोत्सव वर्षातून एकदा येतो आणि बाजार वर्षातून ५२ वेळा. करायचे ते बाजारातच करायला हवे. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, तपासणी बाजारात न्यावी. छत्तीसगडने २०१९ मध्ये मुख्यमंत्री हाट बाजार क्लिनिक योजना सुरू केली. दुर्गम भागातल्या आठवडी बाजारात आरोग्य पथक जाऊन बसते आणि तिथेच तपासणी करून औषधे देते. भोर-वेल्ह्यात यासाठी नवी इमारत लागत नाही. एक टेबल, एक परिचारिका, रक्तदाबाचे यंत्र, हिमोग्लोबिन आणि साखर तपासण्याचे साहित्य, लोहाच्या व जंताच्या गोळ्या आणि एक वही. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब-मधुमेह तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. ती व्हायची तर माणसे जिथे जमतात तिथे व्हावी. तीच बाई पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसलेली असते. पाठपुराव्यासाठी याहून चांगली सोय नाही. पथकाने मात्र पाटीजवळ जावे. विक्री सोडून बाई रांगेत उभी राहणार नाही.

दुसरी, सरकारनेच तिचे गिऱ्हाईक व्हावे. अंगणवाड्या, शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालयांची स्वयंपाकघरे यांना लागणाऱ्या नाचणीचा, कडधान्याचा, अंड्यांचा, भाजीचा काही हिस्सा स्थानिक बचत गटांमार्फत, ठरलेल्या भावाने घेता येईल. मग तीच नाचणी तिच्या मुलाच्या ताटात शाळेत पडेल आणि तिला रोकडही मिळेल. यावर स्वच्छतेचा आणि पुरवठ्यातल्या सातत्याचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. रानभाजी रोज सारखी मिळत नाही, तिची प्रत तपासणेही अवघड. म्हणून सुरुवात टिकाऊ मालाने करावी: नाचणी, हुलगे, पावटा. ते साठवता येतात, तपासता येतात, वर्षभर पुरवता येतात.

तिसरी, बसायला नीट जागा. सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. आठवडी बाजारात बसणाऱ्या कितीतरी बायका लघवीला जागा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, मूतखड्याचा धोका वाढतो, उन्हात भोवळ येते. हा खर्च नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने केला, तर रुग्णालयाचा भार आपोआप हलका होईल.

ग्राहकालाही करण्यासारखे आहे. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. अपूर्वाईच्या करटोल्यांबरोबर दोन किलो नाचणी आणि किलोभर हुलगेही घ्यावेत. मागणी राहिली तरच उतारावरचा वाफा पुन्हा नांगरला जाईल आणि पेरलेल्यातले काही घरच्या डब्यात उरेल.

आठवडी बाजार चांगला चालला की नाही, हे संध्याकाळी रिकाम्या झालेल्या पाट्यांवरून ठरवतात. त्या पाट्यांच्या मालकिणींचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा मोजले आणि ते वाढते आहे का, हे पाहिले, तर बाजाराचा खरा हिशेब लागेल.