कांद्याला कायदा, माणसाला मुकादम

नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कडा हे बाजारपेठेचे गाव. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उतरतात, त्यांचे लिलाव होतात. या आवारात आडत करणाऱ्याला १९६३ च्या पणन कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. वजनाची काटापट्टी द्यावी लागते, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. शेतकऱ्याचे पैसे थकविले तर परवाना रद्द होऊ शकतो. या कायद्याची अंमलबजावणी किती प्रामाणिकपणे होते हा वेगळा प्रश्न. परंतु निदान तत्त्व म्हणून शासनाने हे मान्य केले आहे की, दुबळा विक्रेता आणि बलवान खरेदीदार यांच्यामध्ये जो मध्यस्थ उभा राहतो, त्याच्यावर समाजाची देखरेख असली पाहिजे.

दसऱ्याच्या सुमारास याच पंचक्रोशीत दुसरा बाजार भरतो. त्याला आवार नाही, काटा नाही, समिती नाही. मुकादम वाडी-तांड्यावर येतो, नवरा-बायकोच्या एका कोयत्यामागे उचल मोजतो आणि मुद्रांकाच्या कागदावर अंगठा किंवा सही घेतो. पुढील पाच-सहा महिने ही जोडी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे वा सोलापूर जिल्ह्यांतील किंवा बेळगावकडील फडात ऊस तोडते. ती कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेली, किती उचलीवर गेली, किती फिटली आणि किती उरली, याची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते. त्या मुकादमाला त्याचा परवाना कोणी विचारीत नाही, कारण असा परवानाच नाही. कांद्याच्या गोणीला जे संरक्षण कायद्याने दिले, ते ती गोणी पाठीवर वाहणाऱ्या माणसाला दिलेले नाही.

हा केवळ विसराळूपणा म्हणावा, तर माणसे दुसरीकडे कामाला नेणाऱ्या मध्यस्थाचा धोका शासनाला ठाऊकच नव्हता असे नाही. समुद्रापलीकडे मजूर पाठविणाऱ्या एजंटासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा झाला. त्याअन्वये एजंटाने नोंदणीपत्र घ्यावे, बँकेची हमी ठेवावी, उमेदवाराकडून ठरलेल्या मर्यादेपलीकडे शुल्क घेऊ नये, असे बंधन आले. नोंदणीशिवाय भरती करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. या कायद्यातही भोके आहेत. नोकरीसाठी नव्हे तर शिक्षणासाठी किंवा पर्यटनाच्या नावाखाली माणसे पाठविणारा ‘सल्लागार’ त्याच्या व्याख्येतून निसटतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. त्या दृश्याने देशाची मान खाली गेली आणि एजंटांना वेसण घालण्याची चर्चा सुरू झाली. पंजाबने असा कायदा २०१२ मध्येच केला होता. हरियाणाने २०२५ मध्ये केला.

ही चर्चा योग्यच आहे. परंतु जिल्ह्याची हद्द ओलांडून ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून जाणारी माणसे दरवर्षी जातात आणि दरवर्षी परततात, तेव्हा कोणाचीही मान खाली जात नाही. परदेशी जाणाऱ्याचा एजंट हा राष्ट्रीय प्रश्न, आणि कड्याहून कोल्हापूरला नेणारा मुकादम हा मात्र ‘हंगामाचा भाग’! या भेदाच्या मुळाशी भूगोल नाही, वर्ग आहे.

देशांतर्गत स्थलांतरासाठी काही कायदाच झाला नाही काय? झाला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना, कामगाराला छायाचित्र असलेले पासबुक, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च अशा तरतुदी केल्या. पण त्या राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी. आष्टीचा मजूर कर्नाटकात गेला तर कायद्याच्या कक्षेत, साताऱ्याला गेला तर कक्षेबाहेर! १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ती ५० वर नेली आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ५० हीच मर्यादा साऱ्या देशाला लावली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिने १९७९ चा कायदा पोटात घेतला, आंतरराज्य कामगारांसाठीची मर्यादा पाचावरून दहावर नेली आणि विस्थापन भत्ता गाळून टाकला. दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीत वीस-तीस माणसे असतात. पन्नासाची रेघ ओढली की अशा टोळीचा मुकादम परवान्याच्या कक्षेतून आपोआप सुटतो. रेघ कोठे ओढायची हे ठरविणाऱ्यांना टोळी केवढी असते हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार असेल तर त्याच्या भोळेपणाचे कौतुकच करावे लागेल.

मुकादम हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे. पैसा बँकेतून कारखान्याकडे, तेथून तोडणी-वाहतूक संस्थेकडे वा वाहनमालकाकडे, पुढे मुकादमाकडे आणि अखेर उचल म्हणून कोयत्याकडे येतो. प्रत्येक दुव्यापाशी तारण असते, सही असते, धनादेश असतो. अखेरच्या माणसापाशी तारण ठेवायला काही नसते, म्हणून तो स्वतःला आणि बायकोला तारण ठेवतो. कारखान्याचे चालक मात्र हात झटकून सांगतात की, तोडणी कामगार आमचे नोकरच नव्हेत. मग कोणत्या फडात केव्हा कोयता पडायचा हे कारखान्याचे शेतकी खाते का ठरविते? तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून कोण वजा करते? आणि तोडणीचा दर ठरवायला साखर संघाचे पुढारी पुण्यात संघटनांसमोर का बसतात? जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. ज्या कामगाराशी कारखान्याचे काही नातेच नाही, त्याच्या दराचा करार कारखानदार कोणत्या नात्याने करतात? नफा मोजताना मालक आणि जबाबदारी मोजताना तिऱ्हाईत, ही सहकाराच्या नावाखाली चाललेली सोयीची वेदान्तचर्चा आता थांबली पाहिजे.

या बेकायद्याची किंमत कोण देते? एक दिवस खाडा झाला की दंड वहीवर चढतो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी, सारे खाड्यातच जमा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या आकड्यामागे वैद्यकीय धंद्याचा लोभ आहे, तसाच उचलीचा धाकही आहे. ज्या हंगामात एक दिवस विसावा घेणे म्हणजे कर्ज वाढविणे, त्या हंगामात शरीराचा अवयवही अडचण वाटू लागतो. डॉक्टरावर नियंत्रण आणण्याची भाषा झाली. उचलीच्या वहीवर नियंत्रण आणण्याची भाषा मात्र कोणी फारशी केली नाही.

‘मुकादमाला परवाना द्या म्हणजे झाले’ असे मानणाऱ्यांनी इतिहासाचाही विचार करावा. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मुंबई बंदरातून मराठी मजूरही गिरमिटावर गेले. त्या भरतीला इंग्रज सरकारचे परवाने होते, नोंदवह्या होत्या, दंडाधिकारीही होते. तरीही परवानेवाल्या भरतीदाराच्या आड बिनपरवान्याचा अरकाटी गावोगाव फिरत राहिला आणि ज्या मळेवाल्यासाठी ही भरती चाले तो दूर बेटावर सुखात राहिला. म्हणजे परवाना आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. मध्यस्थाचा गळा धरताना त्याच्यामागील धन्याचा हात सुटणार असेल, तर तो कायदा गरिबांपैकीच एकाला तुरुंगात घालील आणि व्यवस्था तशीच ठेवील.

उपाय शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोदीतील आणि बाजारपेठांतील हमालही एकेकाळी टोळीवाल्याच्या नि मुकादमाच्याच हाताखाली होते. लढे झाले, आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाची नोंदणी, कामगाराची नोंदणी, मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळात जमा, मंडळामार्फत पगार, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत, अशी त्याची रचना. ज्यांना ‘विखुरलेले, हंगामी, असंघटित’ म्हणून कायद्याबाहेर ठेवले जात होते, त्यांना महाराष्ट्रानेच कायद्यात आणून दाखविले. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळाला दर टन उसामागे निधी मिळण्याची तरतूद झाली आहे. पण कल्याण म्हणजे नियंत्रण नव्हे. वसतिगृह आणि ओळखपत्र देणारे महामंडळ उचलीची वही तपासू शकत नसेल, तर ते मलमपट्टीचे खाते ठरेल. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्याच वर्षी तेथे टोळीमुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. बिनपरवाना मुकादमाकडून मजूर घेणारा मालकही त्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. महाराष्ट्राने घ्यावा असा धडा नेमका हाच आहे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. टोळी पाच माणसांची असो वा पन्नासाची, मुकादमाची नोंदणी सक्तीची व्हावी. नोंदणी नसलेल्या मुकादमाकडून तोडणी करून घेणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना रोखावा. उचल, मजुरी आणि कमिशन ही तिन्ही त्रिपक्षीय मंडळामार्फत, पुरुषाच्या आणि स्त्रीच्या स्वतंत्र खात्यांवर जावीत. कोयता म्हणजे जोडपे हा हिशेब मोडून स्त्रीला स्वतःच्या नावाने कामगार मानावे. पासबुक कामगाराच्या हाती असावे आणि राज्यांतर्गत स्थलांतरालाही आंतरराज्य स्थलांतराचे सर्व हक्क मिळावेत.

यावर आक्षेप येतील. मुकादमही गरिबाचाच मुलगा आहे, उचल घेऊन टोळ्या पळतात आणि त्याचे शेत विकले जाते, असे सांगितले जाईल. हे खरेच आहे. आणि म्हणूनच त्यालाही लेखी, तपासता येणारा व्यवहार हवा. ज्याच्या वहीला कायद्याचा आधार आहे त्याला लाठीचा आधार घ्यावा लागत नाही. आज वसुलीसाठी माणसे डांबून ठेवण्याचे प्रकार घडतात ते याच अंधारात.

दुसरा अडथळा अधिक जवळचा आहे आणि तो आपल्याच घरात आहे. ऊसतोड कामगारांच्या अनेक संघटनांत कामगार, मुकादम आणि वाहतूकदार एकाच फलकाखाली बसतात. संपाच्या काळात टोळ्या थांबविणारा मुकादमच असतो आणि निवडणुकीत तांड्याची मते वळविणाराही तोच. त्यामुळे डाव्या, समाजवादी कार्यकर्त्यांनीही मुकादमाचा प्रश्न शिताफीने टाळला. दर वाढवून घेतला, त्याबरोबर कमिशनही वाढवून दिले आणि विजयाच्या मिरवणुका काढल्या. कमिशनाची टक्केवारी वाढविणाऱ्या लढ्याने उचलीची बेडी तुटत नाही. कामगार आणि मुकादम यांचे हितसंबंध कारखान्यासमोर काही काळ एक असतील, पण उचलीच्या वहीसमोर ते एक नसतात. हे स्पष्ट बोलण्याने काही ठिकाणी फलक उतरतील, काही मतेही जातील. ती जाऊ द्यावीत.

नवा कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्दबातल ठरविले आहे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जबरीचे श्रम सिद्ध झाले की ते उचलीपोटीच आहेत असे गृहीत धरावे; उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आणि शासनावर आहे. ही शस्त्रे आष्टीच्या तहसील कचेरीपासून दूर नाहीत. दसऱ्यापूर्वी कडा परिसरातील प्रत्येक ग्रामपंचायतीत कार्यकर्त्यांनी एक साधी वही उघडावी: कोण निघाले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, किती उचलीवर. तिची एक प्रत तहसीलदाराला, एक कामगार अधिकाऱ्याला द्यावी आणि हंगामानंतर प्रत्येक नावापुढचा हिशेब ग्रामसभेत वाचावा. शासन वही ठेवीत नाही, म्हणून आज एकट्या मुकादमाची वही खरी ठरते. गावाची वही तिच्यासमोर उभी राहिली पाहिजे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली आणि कड्याला स्थानक मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती बीडला पोचली. विकासाची गाडी आली म्हणून भाषणे झाली. परंतु रेल्वेच्या तिकिटावर निदान कोठून कोठे जायचे आणि किती पैसे पडले हे छापलेले असते. दरवर्षी याच गावांतून पोटासाठी निघणाऱ्या माणसांच्या हाती तेवढाही कागद नाही. तो कागद मिळवून देणे ही सवलत मागणे नव्हे. कांद्याच्या गोणीइतका तरी माणसाचा हिशेब ठेवा, एवढेच ते मागणे आहे.