विजेवाचून चांदी

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की मला एक प्रश्न हटकून विचारला जातो: “आमच्या देव्हाऱ्यातल्या पितळी प्रभावळीला घरच्या घरी चांदीचा मुलामा देता येईल का हो?” येईल. वीज नको, भट्टी नको. पण रीत कोणती, हे आधी ठरवावे.

पारा चोळून पितळ चमकवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती चांदी नव्हे. चकाकी चार दिवसांची, आणि पाऱ्याची वाफ विषारी.

दुसरी रीत आरशांची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख याला १८३५ साली काचेवर चांदी बसलेली दिसली. १८५७ मध्ये फ्रान्सच्या फूकोने चांदी चढवलेल्या काचेचा दुर्बिणीचा आरसा केला. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालायचा, मग ग्लुकोज. काचेवर लख्ख चांदी धरते. पण हे अमोनियाचे द्रावण उद्यासाठी बाटलीत ठेवले, तर त्यात काळा साका जमतो आणि नुसत्या धक्क्याने त्याचा स्फोट होतो. फटाक्याला निदान वात पेटवावी लागते. याला तीही नको! म्हणून जाणकार ते लागेल तेवढेच करतात, लगेच वापरतात आणि उरलेल्यात तत्काळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. खाली पांढरे सिल्व्हर क्लोराइड बसते, आणि धोका टळतो. हा उद्योग प्रयोगशाळेतच बरा.

तेच सिल्व्हर क्लोराइड आपल्या कामाचे. ते तयार विकत घ्यावे. घड्याळाच्या पितळी तबकड्या रुपेरी करणारे कारागीर त्यात मीठ, क्रीम ऑफ टार्टर आणि थोडे पाणी घालून लगदा करतात. हातमोजे घालून, तेलकटपणा घालवलेल्या स्वच्छ पितळेवर तो ओल्या फडक्याने चोळावा. पितळेतले तांबे विरघळते आणि त्याच्या जागी चांदी बसते. तांबे झाकले गेले की क्रिया आपोआप थांबते. म्हणूनच हा थर पातळ. मग भरपूर पाण्याने धुवावे, कोरडे करून वर पारदर्शक लॅकर द्यावे. दिव्याजवळच्या वस्तूला मात्र लॅकर नको; ते पेट घेते.

ताटवाट्यांना हा लेप देऊ नये. घासणीने तो लवकर झिजतो आणि आंबट पदार्थ खालच्या पितळेला लागतो. प्रभावळीला रोज कोण घासतो? तिला एवढी चांदी पुष्कळ झाली.