सत्तेचाळीस वर्षांचा बाप

परवा 6 मेला सकाळी दसरा चौकातून जात होतो. शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घातले होते. स्कूटर बाजूला लावली आणि पाच मिनिटं उभा राहिलो. 2022 साली, महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा, याच दिवशी सकाळी दहाला कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं होतं. त्या दिवशीही मी इथंच होतो. रिक्षावाले हँडलवरचे हात काढून उभे, दुकानदार पायरीवर उभे. एवढ्या गर्दीत एवढी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती.

तेव्हापासून एक आकडा डोक्यात बसलाय. सत्तेचाळीस. 26 जून 1874 ला जन्म आणि 6 मे 1922 ला मुंबईत मृत्यू, म्हणजे महाराज गेले तेव्हा अठ्ठेचाळीस पुरे व्हायलाही दीडेक महिना होता. फोटोतला तो धिप्पाड माणूस बघून लहानपणी मला वाटायचं, साठ-सत्तरचे तरी असतील! आमचे आण्णा 1990 ला गेले ते चव्वेचाळीसाव्या वर्षी. आणि मी यंदा अठ्ठेचाळीस पूर्ण केली. म्हणजे आता मी आण्णांपेक्षाही मोठा आणि महाराजांपेक्षाही. फक्त वयानं, बरं का!

शाहू महाराजांबद्दल आपण राजा म्हणून खूप बोलतो. 1902 चं पन्नास टक्के आरक्षण, राधानगरीचं धरण, माणगावची परिषद, सगळं शाळेत पाठ केलेलं. पण हा माणूस बाप म्हणून कसा होता, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर वाटतं, त्यांचं राजेपणसुद्धा नीट कळायचं असेल तर आधी तो बाप बघायला हवा.

मुळात हे पोरगंच पोरकं. आई गेली तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. 1884 ला कागलच्या घाटग्यांच्या घरातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोनच वर्षांत जन्मदाते वडील आबासाहेब घाटगेही गेले. अकरा वर्षांचं वय. ज्याचं घर असं लहानपणीच विस्कटलं, त्यानं मोठेपणी काय केलं? दुसऱ्यांच्या पोरांसाठी घरं बांधली. 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून येणाऱ्या पोराला शहरात अंग टाकायला जागा आणि पोटाला भाकरी हवी, नाहीतर शाळा कितीही चांगली असली तरी ते परत जाणार. हे ज्याला कळतं तो आधी बाप असतो.

1917 ला त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळातला रुपया, म्हणजे चेष्टा नाही. मला हे वाचून नेहमी हसू येतं. जे बाप आपणहून बाप होत नव्हते त्यांना महाराजांनी दंड लावून बाप केलं.

आणि मग 12 जून 1918. धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय एकोणीस. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. माघारी राहिली सासवडच्या जगतापांची लेक, इंदुमती. अकरा वर्षांची! म्हणजे महाराज पोरके झाले तेव्हा त्यांचं जे वय होतं, तेच वय. हा योगायोग त्यांच्या लक्षात आला असेल का? मला वाटतं, आलाच असेल.

त्या काळी अशा मुलीचं पुढं काय व्हायचं हे सांगायला नको. माजघरातला कोपरा आणि जन्मभराचं सोवळं. घर राजाचं असलं म्हणून कोपरा चुकत नव्हता. महाराजांनी तिला त्या कोपऱ्यातून उचललं आणि शहराबाहेर सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला करमणार नाही म्हणून बरोबर शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. सुनेनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. वाड्यात विरोध झाला, पण ते बधले नाहीत. तरणाताठा मुलगा गेलेला असताना सुनेच्या अभ्यासाचा विचार करायचा... माझ्यानं झालं असतं का? खरं सांगतो, सांगता येत नाही.

चारच वर्षांत महाराजही गेले. इंदुमती तेव्हा पंधरा वर्षांची. म्हणजे आधी नवरा गेला आणि मग बापाच्या मायेनं वाढवणारा सासराही. आता शिक्षण थांबायला काहीच हरकत नव्हती, नाही का? पण ते थांबलं नाही. 1925 ला इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. डॉक्टर होणं मात्र राहिलं. पुढं 1971 पर्यंतच्या आयुष्यात कोल्हापुरात मुलींच्या आणि बायकांच्या शिक्षणाचं काम त्यांनी केलं, 'ललिता विहार' उभं केलं. सासऱ्यानं शिकवलेली सून दुसऱ्यांच्या लेकींना शिकवत राहिली.

आता एक गोष्ट बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. याच महाराजांनी 1917 ला आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. आणि त्यांची स्वतःची अकरा वर्षांची सून जन्मभर विधवाच राहिली. मग कायदा काय फक्त रयतेच्या घरासाठी होता? ते आणखी दहा वर्षं जगते तर हेही पाऊल टाकते, असं आपण म्हणू शकतो, पण ते आपलं म्हणणं झालं. ती गोष्ट घडली नाही एवढं खरं. मला वाटतं, हे बोलल्यानं महाराज लहान होत नाहीत. उलट देव केलेल्या माणसाकडून शिकायला काही उरत नाही, फक्त हार घालता येतो. चाचपडणारा, एका पायरीवर थबकलेला बाप मला जास्त जवळचा वाटतो.

हे मला आण्णांमुळे कळलं. आमच्या घरातले जे हे वाचतायत त्यांना माहीतच आहे. आण्णा उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. हात कितीही साबणानं धुतले तरी काळेच राहायचे, म्हणून संध्याकाळी अभ्यास घेताना वही आम्ही धरायची आणि ते लांबून वाचायचे. वहीला डाग पडला की बाईंना काय वाटेल, ही त्यांची काळजी. ताईला रंकाळ्याच्या बाजूला सायकल त्यांनीच शिकवली, गल्लीतले हसत असताना. असा हा माणूस, आणि छातीत दुखतंय हे दोन दिवस कुणाला बोलला नाही. सुट्टी टाकली तर पगार कापला जाईल आणि ताईची फी राहील म्हणून. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मी तेरा वर्षांचा होतो. पुढची कितीतरी वर्षं मी आण्णांवर रागावलेला होतो. आमच्यासाठी एवढं करायचं, मग आमच्यासाठी डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? आणि घरात तर त्यांचा देव झालेला. फोटोला रोज हार. त्या फोटोसमोर हा राग काढायची सोय नव्हती. तो मनातच कुजला.

तेराव्याला एक नातेवाईक आईला म्हणाले, "आता पोरीचे हात पिवळे करून मोकळी हो." ताई नुकतीच दहावी झालेली. आई कधी मोठ्यानं न बोलणारी बाई. ती म्हणाली, "तिची अकरावीची फी ह्यांनी डब्यात ठेवलीया. ती भरणार." बस्स. ताई पुढं शिक्षिका झाली. या मे महिन्यात तिच्या शाळेचा निकाल लागला आणि तिचा फोन आला, वर्गातली एकही मुलगी मध्येच शाळा सोडून गेली नाही म्हणून! त्या फोननंतर माझा उरलासुरला राग गेला.

आपल्याकडे लवकर गेलेल्या बापाबद्दल "फार लवकर गेला हो" एवढं म्हणून आपण थांबतो. तो किती वर्षं जगला हे त्याच्या हातात नव्हतं. जाताना त्यानं कुणाचं शिक्षण चालू ठेवलं होतं, ते बघा. आणि ते त्याच्या माघारी चालू ठेवणाऱ्या बायकांकडेही बघा, कारण त्यांच्याशिवाय ते तिथंच संपलं असतं. वर्षश्राद्धाला भात ठेवता ना, जरूर ठेवा. पण त्या दिवशी एखाद्या बिनबापाच्या पोरीची फी भरली तर तोही घास पोचतो, असं माझं मत.

असो. परवा चौकातून निघून मी थेट ताईकडे गेलो. भडंग घेऊन गेलो होतो, आण्णा आणायचे तशी. आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल न रडता बोललो. तुम्हीही बोला. फोटोला घाला हार, पण त्याआधी थोडं भांडून घ्या त्यांच्याशी. बापच आहे, ऐकून घेईल.