विझवलेल्या आगीचा हिशेब

खोडातल्या गोल रेघा मोजून झाडाचं वय कळतं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांना 'अ‍ॅन्युअल रिंग्ज' म्हणायचे. 'वार्षिक वलये' हा शब्द मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळला!) पण त्याच वलयांत जुन्या वणव्यांची नोंद असते, तीही वर्षासकट, हे कितीजणांना माहीत आहे?

वणवा जमिनीलगत सरकत गेला तर मोठं झाड मरत नाही, बुंध्याची एक बाजू भाजते. तिथला सालीखालचा वाढणारा थर मरतो. मग शेजारचं जिवंत लाकूड दरवर्षी थोडं थोडं त्या जखमेवर चढतं आणि व्रण आत गाडला जातो. तो ज्या वलयात सापडेल, ते आगीचं वर्ष. वलयाच्या फिकट भागात असेल तर आग वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीची, गडद भागात असेल तर उशिराची. अर्थात नुसतं मोजून भागत नाही. कडक दुष्काळात झाड कधीकधी वलयच धरत नाही, की मोजणी चुकली! म्हणून अनेक झाडांमधला रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडून बघतात. ही पद्धत बसवली ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. गृहस्थ सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधत झाडांपर्यंत पोचले होते. १९३७ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात वलयांची प्रयोगशाळा काढली.

याच प्रयोगशाळेतल्या टॉमस स्वेटनॅम यांनी कॅलिफोर्नियातल्या जायंट सिकोया वृक्षांच्या पाच राया तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ दोन हजार वर्षांचा हिशेब! तिथे दर काही वर्षांनी आग लागतच होती. ज्या काळात वारंवार लागली त्या काळात ती छोटी होती, आणि क्वचित लागली तेव्हा लांबवर पसरली. १८६० च्या सुमारास मात्र व्रण जवळपास थांबतात. मेंढ्यांनी गवत संपवलं, मूळ रहिवाशांचं मुद्दाम आग लावणं बंद पडलं, आणि पुढे सरकार आगी विझवायला लागलं. १९३५ मध्ये तर अमेरिकन वनखात्याने नियमच केला, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

रिपोर्टमध्ये 'आगी कमी झाल्या' हे किती छान दिसत असेल! माझं भांडण याच्याशीच आहे. न लागलेल्या आगीचं सरपण कुठे जात नाही. पाचोळा, काटक्या, मधली दाट रोपं साचत राहतात. तिथल्या नॅशनल पार्कने १९६८ पासून स्वतःहून छोट्या आगी लावायला सुरुवात केली, पण साचलेल्या सरपणापुढे ते फार थोडं होतं. २०२० च्या कॅसल फायरमध्ये अंदाजे साडेसात ते साडेदहा हजार मोठे सिकोया मेले. यात दुष्काळ आणि वाढत्या तापमानाचाही हात होताच. पण कित्येक आगी पचवलेली झाडं एका आगीत गेली, आणि इशारा त्यांच्याच जातीच्या मेलेल्या बुंध्यांमध्ये आधीच सापडला होता, हे मला फार लागतं.

आता कोणी हे वाचून उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत पेटवणाऱ्यांची बाजू घेऊ नये हं! सिकोयाची साल दोन-दोन फूट जाड असते, त्याचं बी उघड्या मातीत रुजतं, आगीच्या धगीने त्याची फळं उघडतात. आपल्या सह्याद्रीतल्या ओल्या जंगलाचं तसं नाही. कॅलिफोर्नियाचा हिशेब आपल्याकडे चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवणं. आपल्याला आपल्याच झाडांना विचारावं लागेल.

आणि विचारता येईल असं झाड आपल्याकडे आहे. सागाला वर्षाचं वलय नीट धरतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून जुना पाऊस वाचला आहे. वणव्याचा व्रण मात्र बुंध्याच्या तळाशी असतो, आणि लाकूडतोडीनंतर नेमका तोच भाग जंगलात मागे राहतो. पुढच्या वणव्यात तो जळून जाण्याआधी कोणीतरी त्याची एक चकती कापून आणायला हवी.