‘फार वेळ’ म्हणजे किती तास? कतीफ, दिमोना आणि थळ

या ब्लॉगवर लष्कराचा विषय निघाला की वाचकांची पत्रं ठरलेली येतात. जनरल जेकब यांच्यावर लिहा, असं निम्मे जण सांगतात. मग मला दर वेळी खुलासा करावा लागतो की जेकब कलकत्त्याचे, बगदादी ज्यू. आपले ते व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन. त्याच्याही आधीचे म्हणाल तर बॉम्बे आर्मीच्या पलटणींतले आपले सुभेदार आणि सुभेदार-मेजर, ज्यांच्याबद्दल हाईम सॅम्युएल केहिमकरांनी लिहून ठेवलं आहे. हुद्दे आणि पदकं यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला, आणि तो लिहायलाच हवा होता. आज मात्र अशा युद्धाबद्दल लिहिते आहे ज्यात आपल्या समाजाची माणसं घरात खिडक्यांना चिकटपट्टी लावून बसली होती. देशाच्या सुरक्षिततेबद्दल मला जे काही कळतं ते मी त्या युद्धातून शिकले.

कतीफ हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे जुनं गाव, खजुराच्या बागांचं आणि झऱ्यांचं. वस्ती बहुतेक शिया. उत्तरेला रास तनुराचं तेलबंदर, दक्षिणेला दम्माम आणि त्याच्या पुढे धहरान. आपल्या कोकणाशी त्याचा संबंध जुना आहे. रेवदंड्याला आणि कोर्लईला ज्यांचे किल्ले आपण लहानपणापासून बघतो त्याच पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये होर्मुझहून आरमार नेऊन कतीफचा किल्ला तुर्कांच्या हातून घेतला. घेतला, पण तिथे राहिले नाहीत. पुढची साडेतीनशे वर्षं त्या किनाऱ्यावर तुर्क आले, गेले, पुन्हा आले, आणि १९१३ मध्ये तो इब्न सौदच्या ताब्यात गेला. नंतर तेल निघालं, आणि तेलाच्या मागोमाग आपली मराठी माणसं तिथे पोचली: फिटर, ड्रायव्हर, कारकून आणि नर्सेस.

माझ्याबरोबर डिप्लोमा केलेली रत्नागिरीकडची एक मुलगी १९८९ मध्ये कतीफच्या एका रुग्णालयात लागली. मला तो रस्ता नव्हता, मी मुंबईतच राहिले. तिची पत्रं येत. त्याच सुमारास माझी मावशी इस्राईलमध्ये दिमोनाला होती. साठच्या दशकात गेलेली, घरात मराठी बोलणारी, हिब्रू कामापुरती. तिचीही पत्रं येत.

१७ जानेवारी १९९१ ला अमेरिकेने आणि तिच्या मित्रदेशांनी इराकवर हवाई हल्ले सुरू केले. दुसऱ्या दिवशीपासून सद्दाम हुसेनची स्कड क्षेपणास्त्रं सुटू लागली. ती दोन दिशांना गेली. तेल अवीव आणि हैफाकडे गेलेली आपल्या लोकांना ठाऊक आहेत. लोद आणि रामलाच्या आपल्या वस्त्यांनी ते भोंगे ऐकले, आणि फेब्रुवारीत काही क्षेपणास्त्रं नेगेवच्या दिशेनेही डागली गेली. इस्राईलवर एकूण सुमारे चाळीस सुटली. जवळजवळ तितकीच सौदीकडे सुटली, रियाधवर आणि धहरान-दम्मामच्या पट्ट्यावर. म्हणजे सहा आठवडे माझी मावशी आणि माझी मैत्रीण एकाच माणसाच्या एकाच अस्त्राखाली झोपत होत्या. त्या दोन देशांत एकमेकांना साधा फोन लागत नव्हता, पत्र जात नव्हतं. दोघींची खुशाली माझ्याकडे मुंबईत एकत्र व्हायची.

दोघींच्या पत्रांत एकच तक्रार होती. मावशीला मास्कची पेटी मिळाली होती, सोबत छापील पत्रक. पत्रक तिला नातू वाचून दाखवायचा, आणि नातू लष्करात गेला की पेटी तशीच पडून राहायची. मैत्रिणीने लिहिलं होतं, इथे सगळे सांगतात काळजी घ्या, काळजी म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही, खोलीत किती वेळ बसायचं तेही नाही.

आता २५ फेब्रुवारी १९९१. युद्ध संपायला तीन दिवस उरलेले. रात्री साडेआठच्या सुमारास एक स्कड धहरानजवळच्या अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ सैनिक ठार, शंभराच्या आसपास जखमी. मेलेल्यांपैकी १३ जण पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या, पाणी शुद्ध करणाऱ्या राखीव तुकडीतले. त्यांना तिथे येऊन आठवडाही झाला नव्हता. स्कड अडवण्यासाठी ठेवलेली पॅट्रियट तोफखान्याची तुकडी जवळच होती, चालू होती. तिच्यातून एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही.

पुढे १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या लेखा कार्यालयाने याचा अहवाल दिला. तो अहवाल मी दोनदा वाचला आणि मला वाटलं, ही वॉर्डातलीच गोष्ट आहे.

झालं असं. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. एक दशांश हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत नेमका मावत नाही, आपण दहाला तीनने भागलं की ३.३३३ संपत नाही तसं. शेपूट कुठेतरी कापावंच लागतं. ते शेपूट अतिशय बारीक, पण यंत्र न थांबवता चालू ठेवलं तर चूक साचत जाते. धहरानची ती यंत्रणा शंभराहून जास्त तास सलग चालू होती. तेवढ्यात घड्याळ सेकंदाच्या एक-तृतीयांशाने चुकलं. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने ते एकदा पाहिलं, ते पुढे कुठे दिसेल याचा हिशोब केला, त्या जागी पुन्हा पाहिलं, तिथे आकाश रिकामं. म्हणून काही नाही असं धरून सोडून दिलं.

ही चूक आधी कोणाच्या लक्षात आली होती? इस्राईलच्या. त्यांनी ११ फेब्रुवारीला, म्हणजे दोन आठवडे आधी, अमेरिकनांना कळवलं की यंत्र आठ तास सलग चाललं की त्याची नजर वीस टक्क्यांनी सरकते. त्यात आकडा होता आणि तासही होते. अमेरिकन अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं की बाकीचे लोक काही आठ-आठ तास सलग चालवत नसणार. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम १६ तारखेला तयार झाला. २१ तारखेला सगळ्या तुकड्यांना निरोप गेला की यंत्र फार वेळ सलग चालवलं तर नजर सरकू शकते. ‘फार वेळ’ म्हणजे किती, ते निरोपात नव्हतं. उपाय काय होता? यंत्र बंद करून पुन्हा चालू करणं, मिनिट-दीड मिनिटाचं काम. दुरुस्त प्रोग्रॅम धहरानला पोचला २६ तारखेला.

नर्सेसना मला पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पाळी बदलताना आम्ही ‘ओव्हर’ देतो. जाणारी बाई येणारीला प्रत्येक पलंगापाशी नेऊन पेशंट सोपवते. चांगली ओव्हर आणि वाईट ओव्हर यातला फरक आवाजात किंवा आपुलकीत नसतो. ‘लघवी कमी झाली तर डॉक्टरांना सांग’ ही वाईट ओव्हर. ‘तासाला तीस मिलीच्या खाली गेली आणि लागोपाठ दोन तास तशीच राहिली तर सांग’ ही चांगली ओव्हर. पहिलीत सगळा निर्णय रात्री तीन वाजता, चाळीस पेशंट सांभाळणाऱ्या दमलेल्या मुलीवर टाकलेला असतो, आणि सकाळी दोष तिच्याच नावावर लागतो. इस्राईलने दिली ती चांगली ओव्हर होती. मधल्या कार्यालयात तिचा आकडा गळला आणि धहरानच्या मुलांच्या हाती ‘फार वेळ’ एवढंच पडलं. ती मुलं निष्काळजी नव्हती. स्कड कधीही येईल म्हणून ती यंत्र बंद करायला धजत नव्हती, म्हणजे खबरदारी म्हणूनच ते शंभर तास चालू होतं.

कोणी म्हणेल, पॅट्रियट सुटलं असतं तरी स्कड अडलंच असतं कशावरून? बरोबर आहे. त्या युद्धात पॅट्रियटने खरोखर किती स्कड पाडली यावर तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला, आणि सुरुवातीचे मोठमोठे दावे टिकले नाहीत. माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. जिला संधीच मिळाली नाही तिची परीक्षा कशी घेणार?

सीमेच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या सहा आठवड्यांत इस्राईलच्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत युद्धामुळे आलेल्या १,०५९ माणसांची नोंद झाली. क्षेपणास्त्राने थेट जखमी झालेले त्यात २३४. पाचशेहून जास्त लोक भीतीने कासावीस होऊन आलेले. सुमारे २३० जणांनी विषारी वायू आलेला नसताना पेटीतलं ॲट्रोपिन टोचून घेतलं होतं. आणि सात माणसं मास्कच्या चुकीच्या वापराने गुदमरून मेली. मास्क होता, औषध होतं, भोंगाही वेळेवर वाजला होता. पेटी घरोघर पोचवणं सरकारला जमलं, पेटीची ओव्हर द्यायला वेळ कमी पडला. हे मी इस्राईलला नावं ठेवायला लिहीत नाही. इतक्या थोड्या दिवसांत प्रत्येक माणसाला मास्क देणारा दुसरा देश मला माहीत नाही.

म्हणून लढाईच्या इतिहासातून धडे घ्यायचे तर आपल्या वर्तमानपत्रांतल्या लेखांसारखे घेऊ नयेत असं माझं मत आहे. तिथे सगळं कोणाकडे किती विमानं, कोणाच्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, यावर संपतं. तेही लागतंच. पण शस्त्र विकत घेताना त्याबरोबर कोणाला काय शिकवणार, कोणत्या भाषेत, आणि बिघाड कळला तर खालपर्यंत किती तासांत कळवणार, हे विचारणारा लेख मी अजून वाचलेला नाही. गुप्ततेचं कारण नेहमी दिलं जातं. धहरानच्या निरोपातला आठ हा आकडा गुप्त ठेवून कोणाचा फायदा झाला?

आता घराजवळ या. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या दिवशीच देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठेवला होता, २४४ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर होतं, आणि थळ-वायशेतही होतं. अलिबाग तालुक्यातलं थळ. नवगावला आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असं आपण मानतो, जिथे आपलं स्मारक आहे, तिथून थळ लांब नाही. थळला खताचा मोठा कारखाना आहे, आणि युरिया करायचा तर अमोनिया लागतो. यादीत नाव यायला हे एक कारण पुरेसं आहे.

सरावानंतर त्या भागातल्या ओळखीच्या चार घरी मी फोन केला. भोंगा ऐकला का, तर ऐकला. दिवे घालवायचे, घाबरायचं नाही, अफवांवर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळ्यांना पाठ. अमोनियाचा वास आला तर काय कराल, हे विचारल्यावर चारही घरांत शांतता. एक काकू म्हणाल्या, “पळायचं, दुसरं काय?” कुठे पळायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सांगण्यासारखं फार नाही. घरात असाल तर दारं-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून आत थांबा. बाहेर असाल तर वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवे निघा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. डोळ्यांत गेला तर साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि आपल्या सिनेगॉगच्या भिंतीवर लागायला हवं. मे महिन्यात वारा साधारण समुद्राकडून येतो, थंडीत पहाटे उलटा, हे तिथल्या कोळ्यांना कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. फलक लिहिताना त्यांना बसवा.

दिमोना, बेर्शेवा, लोद, रामला इथल्या वाचकांना एक विनंती. १९९१ ची मास्कच्या पेटीतली पत्रकं कोणाकडे असतील, विशेषतः आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कोणी हाताने मराठीत उतरवून घेतलेली, तर त्यांचे फोटो मला पाठवा. माझ्या मावशीच्या पेटीत नातवाने पेन्सिलने लिहिलेला एक कागद होता, ‘आधी झाकण काढ, मग तोंडाला लाव’. तो कागद तिच्या सामानात सापडला नाही. आखातात त्या वर्षी काम केलेल्यांनीही लिहावं. कतीफ-दम्मामकडच्या मराठी माणसांना त्या सहा आठवड्यांत कोणी, काय आणि कोणत्या भाषेत सांगितलं, याची नोंद मला अजून कुठे मिळालेली नाही.